चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी, बांधावरची गुळवेल आणि शुगरच्या गोळ्या

कृष्णाकाठची (पलूस तालुका) विचारते:

नमस्कार मंडळी. आमच्या आत्यांसाठी (सासूबाई, वय ६२) विचारते आहे. चिकुनगुन्या होऊन दोन महिने झाले. ताप गेला, पण मनगटं, घोटे आणि बोटांची पेरं अजून धरतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. आसपासच्या सगळ्यांनी एकच सांगितलंय, गुळवेलीचा काढा द्या.

वेल दोन ठिकाणी आहे. एक द्राक्षबागेच्या कुंपणावर पसरलेली, दुसरी वस्तीवरच्या कडुनिंबावर चढलेली, चांगली जाड. कडुनिंबावरची जास्त गुणाची असं म्हणतात, ते खरं का?

आत्यांना शुगर आहे. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड १ मिलीग्रॅम सकाळी. बीपीची टेल्मिसार्टन ४०.

वेल नक्की गुळवेलच आहे हे कसं ओळखायचं? काढ्याला किती घ्यायची, किती दिवस द्यायचा? शुगरच्या गोळ्यांबरोबर चालतो का? आणि गुळवेलीने लिव्हर खराब होतं असं कोविडनंतर ऐकलं होतं, त्यात तथ्य किती? "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" एवढंच उत्तर नको. ते घरात मिळालंय.

पानफूल, सातारा:

ताई, आधी ओळखीचं बघू. त्यात चुकलं तर पुढचं मात्राबित्रा सगळं वाया.

आपल्याकडची खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कोवळी कांडी हिरवी असते आणि वर कागदासारखा पातळ, भुरकट पापुद्रा. तो नखाने सहज सुटतो आणि खाली लख्ख हिरवं दिसतं. कांडी आडवी कापली की मधून कडेकडे आऱ्या गेलेल्या दिसतात, बैलगाडीच्या चाकासारख्या. पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, देठ लांब. वरच्या फांद्यांवरून सुतासारखी बारीक मुळं खाली लोंबतात. फळ वाटाण्याएवढं, गोल, पिकल्यावर लालभडक. पण नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते, त्यामुळे फळ नाही म्हणून ती गुळवेल नाही असं धरू नका.

घोळ होतो तो मुख्यतः हिच्या बहिणीशी, टिनोस्पोरा क्रिस्पाशी. तिचं खोड करडं, अंगभर चामखिळीसारखे उंचवटे, कापल्यावर दुधाळ स्राव, फळ लांबट आणि नारिंगी. आपल्या भागातल्या बांधावर ती सहसा आपसूक उगवत नाही. पण नर्सरीतून "गिलोय" म्हणून आणलेलं रोप असेल, किंवा यात्रेत रस्त्यावर विकायला बसलेल्याकडची कांडी असेल, तर शंका घ्या. तिसरी एक टिनोस्पोरा सायनेन्सिस. तिच्या पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं की मखमली लव लागते. कोयनेच्या बाजूला दाट झाडीत कांडी गोळा करणाऱ्यांनी हे बघायलाच हवं.

वासनवेलीशीही गल्लत होते, पण तिचं खोड बारीक आणि पान केसाळ. समुद्रशोकाचं पान हृदयाकृती असलं तरी पाठ चंदेरी आणि तोडलं की चीक. सोपा नियम धरा: कापल्यावर पांढरा चीक आला तर ती वेल काढ्यात टाकायची नाही, मग ती कुठली का असेना.

एक सावधगिरी उलट बाजूने. खऱ्या गुळवेलीचं जुनं, मनगटाएवढं खोडही खरबरीत होतं, त्यावर भेगा आणि बारीक पुटकुळ्या येतात. नुसतं खालचं जून खोड बघून "ही क्रिस्पा" असा निकाल देऊ नका. वरची कोवळी कांडी, पान आणि कापलेला भाग, तिन्ही एकत्र बघा. तरी शंका राहिली तर पानांसकट दोन फूट फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून एखाद्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात दाखवा. सांगलीला विलिंग्डन आहे, पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. पाच मिनिटांचं काम असतं. फोनवर फोटो ओळखणाऱ्या ॲपवर औषध ठरवू नका. वंशापर्यंत ते बरोबर येतं आणि नेमकं जातीला घसरतं.

तासगाव बागायतदार:

ओळख पटली तरी बागेच्या कुंपणावरची वेल घेऊ नका, हे आधी सांगतो.

ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून मणी धरेपर्यंत बागेवर किती फवारण्या पडतात ते तुम्हाला सांगायला नको. बोर्डोमधलं मोरचूद, मॅन्कोझेब, त्यात आंतरप्रवाही बुरशीनाशकं, वरून कीटकनाशकं. ब्लोअरचा तुषार कुंपणापाशी थांबत नाही. द्राक्षाला प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व काळ ठरलेला असतो, तो पाळून घड बाजारात जातो. कुंपणावरच्या गुळवेलीला असला कुठलाच काळ नाही, तिच्यावर काय आणि कधी पडलं याची नोंद कोण ठेवतो? धुऊन वरवरचं जाईल. आंतरप्रवाही औषध आत गेलेलं असतं, आणि काढा करताना आपण त्याच कांडीचा अर्क उतरवतो.

हायवेच्या कडेची आणि कारखान्याच्या मळीच्या ओढ्यालगतचीही टाळा. शेवग्यावर चढलेली असली तर शेवग्याला फवारता का ते बघा, हल्ली बरेच जण फवारतात.

काष्ठौषधी, मिरज:

कडुनिंबाचं आधी. निंबावर चढलेली श्रेष्ठ ही परंपरेतली समजूत आहे आणि वैद्यमंडळीत आजही मान आहे तिला. बाजारात "निंबगुळवेल" म्हणून चढा दर लावतात, त्यासाठी मात्र पैसे मोजू नका. कांडीकडे बघून ती कशावर चढली होती हे कुणी सांगू शकत नाही. तुमच्याकडे निंबावरची आहे आणि ती फवारणीपासून लांब आहे, एवढं पुरेसं. कण्हेरीवर किंवा रुईवर गेलेली घेऊ नये. ही झाडं मुळात विषारी, त्यांची पानं, चीक, डहाळ्या कांडीबरोबर खाली येतात आणि तोडणाऱ्याला समजतही नाही.

आता मात्रा. कोरडी कांडी काढ्यासाठी दिवसाला २० ते ३० ग्रॅम, चूर्ण ३ ते ६ ग्रॅम. ओल्या वनस्पतीला कोरडीच्या दुप्पट घ्यावं असा सर्वसाधारण नियम आहे, पण गुळवेल त्याला अपवाद. ती ओलीच वापरायची आणि दुप्पट करायची नाही. अडुळसा, कुडा, शतावरी, अश्वगंधा यांनाही हाच अपवाद लागतो. "ओली आहे, मग डबल टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे.

६२ वर्षांच्या आणि इतक्या गोळ्या चालू असलेल्या बाईला मी खालच्या मात्रेचाच विचार करेन. पण काढा करतात कसा हे एकदा नीट लिहितो, कारण बहुतेक बिघाड तिथेच होतो.

अंगठ्याएवढी जाड कांडी घ्यायची. करंगळीपेक्षा बारीक कोवळीत दम नसतो. साधारण १५ सेंटिमीटर तुकड्याचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास भरतं, तरी एकदा किचनच्या काट्यावर तोलून बघा. "वीतभर" म्हणत जून खोडाची वीत घेतली तर तीच ८० ग्रॅम होते. धुवा, वरचा पापुद्रा सुरीच्या पाठीने काढा, हिरवी साल राहू द्या. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खलबत्त्यात चेचा. मिक्सरला लावू नका, बुळबुळीत लगदा होतो आणि पुढे गाळता गाळत नाही.

सोळापट पाणी, म्हणजे २५ ग्रॅमला ४०० मिली. स्टीलचं पातेलं, मंद आच, झाकण नाही. मोठ्या आचेवर फेस धरून उतू जातं आणि तळाला लागतं. आटून आठवा भाग, म्हणजे ५० मिली राहिला की उतरवा आणि फडक्यातून पिळून घ्या. हे एका दिवसाचं. दोन वेळा विभागून, अनशापोटी न देता काहीतरी खाल्ल्यावर. ज्यांना शुगरची गोळी आहे त्यांनी रिकाम्या पोटी तर नाहीच. उरलेला काढा उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. आठवड्याचा एकदम करून बाटल्या भरणाऱ्यांच्या काढ्याला तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, तरी पितात.

अॅल्युमिनियमची कढई आणि तांब्याचं भांडं दोन्ही टाळा.

काढ्यात बाकी काही घालू नका. दालचिनी, मिरी, लवंग, तुळस, सुंठ, सगळं एकत्र उकळायची सवय कोविडात लागली. मिऱ्या-दालचिनीने पित्त खवळतं. शिवाय किराणा दुकानात मिळते ती जाड सालीची दालचिनी बहुधा कॅशिया असते. तिच्यात कुमारिन असतं, आणि ते रोज आणि जास्त पोटात गेलं तर तेही यकृताला त्रास देतं. त्रास झाल्यावर दोष कुणाचा हे मग सापडत नाही.

मुदत दोन आठवडे, फार तर तीन. नंतर थांबायचं. गुळवेल म्हणजे चहा नव्हे, सहा-सहा महिने रोज घ्यायची वस्तू नाही.

पण ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर काढ्यात नाही. सकाळचा तासभराचा ताठरपणा म्हणजे सांध्याला सूज आहे. चिकुनगुन्यानंतर बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतं, पण तीन महिने ओलांडले तर त्याला जुनाट संधिवात म्हणूनच हाताळावं लागतं. कधी कधी चिकुनगुन्याने आतला आमवात उघडा पडतो. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (या दोन आमवाताच्या रक्ततपासण्या), ईएसआर, सीआरपी (या सुजेच्या) केलंय का? सांध्यांसाठी सध्या गोळी कोणती आहे? ते कळल्याशिवाय मी "द्या" म्हणणार नाही.

माणदेशी:

लिव्हरचं सगळं थोतांड वाटतं मला. पिढ्यान्‌पिढ्या लोक पितात. माणदेशात दवाखाना पंचवीस किलोमीटरवर असायचा तेव्हा तापाला हेच होतं. २०२१ च्या त्या बातमीवर आयुष मंत्रालयाने पण आक्षेप घेतला होता ना? वेल नीट ओळखलीच नाही म्हणून. एवढ्या मोठ्या देशात सहा पेशंटवरून औषध बदनाम करायचं?

गोळ्यांचा हिशेब, कराड:

माणदेशी दादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. २०२१ साली मुंबईतून सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि मंत्रालयाने क्रिस्पाशी गल्लत झाली असावी असा आक्षेप घेतला. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद दिली. सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हेपेटायटिससारखं चित्र होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उठलेली. काहींना आधीपासून थायरॉइड, मधुमेह असे आजार होते.

याचा अर्थ प्रत्येकाचं लिव्हर जातं असा नाही. कोविडात लाखो लोकांनी घेतली, त्यातल्या मोजक्यांना झालं. पण ज्यांना होतं त्यांना मात्रेच्या चुकीनेच होतं असंही नाही. गुळवेलीत प्रतिकारशक्तीला चाळवणारे घटक आहेत, ती गाजली त्याचमुळे. ज्याच्या अंगात ऑटोइम्यून प्रवृत्ती दबून आहे त्याच्यात नेमकं तेच उलटतं. पूर्वी लोक तापात आठ-पंधरा दिवस घ्यायचे. २०२० नंतर "इम्युनिटी बूस्टर" म्हणून धडधाकट माणसं महिनोन्‌महिने रोज घेऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आठ-पंधरा दिवसांचा आहे, महिन्यांचा नाही.

म्हणून आमवात, ल्युपस, सोरायसिस, हाशिमोटो थायरॉइड, ऑटोइम्यून हेपेटायटिस यांपैकी काही असेल तर गुळवेल स्वतःच्या मनाने नको. मेथोट्रेक्सेट, अॅझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस, स्टिरॉइड चालू असेल तर अजिबात नको. एक औषध प्रतिकारशक्ती दाबतंय आणि दुसरं तिला ढोसतंय, याला काय अर्थ? गरोदरपणी, अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि लिव्हरचा जुना आजार असलेल्यालाही नको. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करून भूलतज्ज्ञांना सांगा.

आता शुगर. मेटफॉर्मिन एकटी सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग जेवण झालेलं असो वा नसो. गुळवेलही शुगर थोडी उतरवते. दोन्ही एकत्र आणि त्यात एकादशीचा उपास किंवा सांधे दुखतात म्हणून जेवण कमी, असा योग जुळला की शुगर ७० च्या खाली जायला वेळ लागत नाही. घाम, हातापायाला थरथर, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. वयस्कर माणसात घरच्यांना वाटतं, उन्हाचा त्रास असेल. घरात ग्लुकोमीटर हवाच. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, वर आली की जेवायला वाढा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा.

काष्ठौषधी काकांनी विचारलंय तेच मीही विचारतो. सांध्यांसाठी काय चालू आहे? वेदनाशामक पण सांगा. पावडरच्या पुड्या असतील तर त्याही.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन २०० रोज एक दिली आहे, एक महिना झाला. दुखलं की डायक्लोफेनॅक घेतात, आठवड्यातून चार-पाच वेळा होतंच. पॅरासिटामोलही मधूनमधून. आरए फॅक्टर वगैरे अजून केलेलं नाही. पुड्या नाहीत.

वेल बघितली. निंबावरचीचा पापुद्रा सुटतो, आत हिरवी आहे, चीक नाही, पान गुळगुळीत. खालचं खोड मात्र खरबरीत आहे. कुंपणावरचीचा विषय सोडला.

आणि शेजारच्यांनी गुळवेल सत्त्वाची डबी दिली आहे, काढा नको तर ते चालेल म्हणून. पांढरी शुभ्र पावडर, चव काहीच लागत नाही.

गोळ्यांचा हिशेब, कराड:

ताई, मग आत्ता थांबा. कारणं सांगतो.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन (एचसीक्यू) स्वतःच शुगर उतरवते. हे फार कमी जणांना माहीत असतं. म्हणजे ग्लिमेपिराइड आणि एचसीक्यू अशी दोन औषधं आधीच त्या बाजूला ओढतायत, तिसरी गुळवेल कशाला? आधी हे करा: सकाळी उपाशीपोटी, दुपारी जेवणाआधी आणि रात्री झोपताना असे चार-पाच दिवस आकडे लिहून शुगरच्या डॉक्टरांना दाखवा. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का ते त्यांना ठरवू द्या. गोळी घरी परस्पर बंद करू नका.

डायक्लोफेनॅक आठवड्यातून चार-पाच वेळा हे माझ्या मते गुळवेलीपेक्षा मोठं दुखणं आहे. शुगर, वय ६२, वर टेल्मिसार्टन. या जोडीने किडनीवर ताण येतो, उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं किंवा जुलाब झाले की जास्तच. क्रिएटिनिन करून घ्या. डायक्लोफेनॅक यकृतालाही बाधू शकतं. उद्या एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) वाढलं तर डायक्लोफेनॅकने, पॅरासिटामोल जास्त झाल्याने की काढ्याने, हे कोणीही सांगू शकणार नाही. अशा वेळी एकावेळी एकच गोष्ट बदलायची.

तपासण्या एकाच वेळी रक्त काढून होतील: एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, सीआरपी, आणि तीन महिन्यांत झालं नसेल तर एचबीए१सी (शुगरची तीन महिन्यांची सरासरी). एचसीक्यू पुढेही चालणार असेल तर डोळ्याचा पडदा एकदा तपासून ठेवा. मिरजेला किंवा सांगलीला संधिवाताचे तज्ज्ञ आहेत, रिपोर्ट घेऊनच जा म्हणजे एक फेरी वाचेल.

काष्ठौषधी, मिरज:

हिशेबवाल्यांशी सहमत. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आलं तर गुळवेलीचा विषय तिथेच मिटला असं समजा. आमच्या शास्त्रात आमवाताला गुळवेल-सुंठ सांगितली आहे हे मला माहीत आहे, आणि काही वैद्य ती व्यवस्थित देतातही, पण रोग्याला समोर बसवून, रक्त तपासत. बांधावरून तोडून घरी चालू करायची ती गोष्ट नव्हे.

निगेटिव्ह आलं, लिव्हरचे आकडे बरोबर असले, शुगरच्या गोळ्या नीट बसवल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर दोन आठवड्यांचा काढा करून बघायला हरकत नाही. १५ ग्रॅम ओली कांडी, २४० मिली पाणी, ३० मिलीवर आटवलेली, नाष्ट्यानंतर एकदाच. संपल्यावर एसजीपीटी पुन्हा करा. मधेच लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, मळमळ झाली किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर काढा त्याच दिवशी बंद, रक्ततपासणी दुसऱ्या दिवशी. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट गेलं तर पुन्हा आयुष्यात गुळवेल नाही. बरं वाटल्यावर "थोडी घेऊन बघू" करणाऱ्यांत तोच त्रास पुन्हा उमटतो. डॉक्टरांपासून काढा लपवू नका. लोक लपवतात, आणि मग डॉक्टर काविळीचं कारण दुसरीकडेच शोधत बसतात. असा त्रास झालाच तर १८००-१८०-३०२४ या औषध दुष्परिणाम नोंदीच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवता येतं. आयुर्वेदिक औषधाचंही कळवा.

सांध्यांना दरम्यान गरम पाण्याचा शेक, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मूठ वळण्याचा व्यायाम. निर्गुडीचा पाला वाफवून बांधला तरी चालतो, पोटात काही जात नाही. फक्त शुगरवाल्या पायाला चटका समजत नाही. घोट्याला शेक देण्याआधी पाण्यात स्वतःचं कोपर घालून बघा.

डबीतली पांढरी पावडर मात्र बाजूला ठेवा.

पानफूल, सातारा:

सत्त्वाचं मी सांगतो, कारण भेसळ इथे सगळ्यात जास्त.

सत्त्व म्हणजे कांडीतला पिठूळ भाग. पापुद्रा काढलेली जाड कांडी चेचायची, चौपट पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी हाताने कुस्करून चोथा काढायचा, पाणी कापडातून गाळून चार-सहा तास स्थिर ठेवायचं. तळाला साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकून साका सावलीत वाळवायचा. एक किलो ओल्या कांडीतून २०-३० ग्रॅम हाती लागलं तर भरपूर. आता विचार करा, स्वस्तात भरलेली डबी परवडते कशी? बटाट्याचं किंवा मक्याचं पीठ, आरारूट असलं काहीतरी असतं त्यात.

आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं म्हणजे अस्सल, असं एक व्हिडिओत फिरतंय. कुठलाही स्टार्च निळा होतो हो, बटाट्याचाही. घरच्या घरी बघायचं तर रंग आणि चव. नीट काढलेलं सत्त्व किंचित मळकट, राखट छटेचं आणि मागून हलकं कडू लागतं. फार वेळा धुतलेल्या सत्त्वाचा कडवटपणा कमी होतो हे खरं, पण शुभ्र आणि साफ बेचव म्हणजे बहुधा भेसळच. सूक्ष्मदर्शकाखाली स्टार्चचे कण वेगळे दिसतात, ते काम प्रयोगशाळेचं.

घनवटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही लेबल बघा: उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि एका गोळीत किती मिलीग्रॅम घन आहे ते. घन म्हणजे आटवून घट्ट केलेला काढा. "एवढीशी गोळी" म्हणून चार-चार घेतात आणि वरून काढाही पितात. आणि "इम्युनिटी मिक्स" असलं काही असेल तर मागची घटकांची यादी वाचा, त्यात बहुतेक वेळा अश्वगंधाही असते, आणि तिच्यानेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

माणदेशी:

मुदतीचा मुद्दा पटला. आमच्याकडेही तापापुरतीच द्यायचे, ताप उतरला की बंद, हे खरं. एक विचारतो, दारात लावायची तर कशी? म्हणजे बांधावरचा प्रश्नच मिटेल.

तासगाव बागायतदार:

ओळख पक्की असलेल्या वेलीची दोन डोळ्यांची, वीतभर, अंगठ्याएवढी जाड कांडी घ्या. मे अखेर ते जून. खालचा तिरपा काप मातीत, एक डोळा आत आणि एक बाहेर. डोळ्यांची दिशा उलटी झाली तर कांडी कुजते, म्हणून तोडतानाच खालच्या टोकाला खूण करा. पाणी साचू देऊ नका, माणदेशातल्या मुरमाड रानात उलट बरी येते. आधाराला कडुनिंब किंवा पांगारा. औषधाला तोडायची घाई नको, कांडी अंगठ्याएवढी भरायला दोनेक वर्षं धरा. तोडणी उन्हाळ्यात, मे महिन्यात चांगली, तेव्हा पानं झडलेली असतात आणि कांडीत पीठ भरलेलं असतं. बुडाशी दोन फूट खोड राखून वरचं कापा, पावसाळ्यात परत फुटतं.

कृष्णाकाठची:

उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला नेते आहे. डबी परत केली. डायक्लोफेनॅक बंद ठेवायचं की काय, हे आधी डॉक्टरांना विचारते. अँटी-सीसीपीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाले, आला की इथे आकडे लिहिते.

गोळ्यांचा हिशेब, कराड:

रक्त देऊन होईपर्यंत सकाळची ग्लिमेपिराइड देऊ नका. डबा बरोबर न्या, रक्त दिलं की गोळी आणि लगेच नाष्टा. उपाशी पोटी गोळी घेऊन लॅबच्या रांगेत तास-दीड तास गेला की तिथेच शुगर उतरते.